मामा तलावाचा मामा

सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे सामान हलकं होईल. तेहेतीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या भूगोलाच्या पेपरवर मी लाल शाईने लिहिलं होतं, ‘परीक्षेत आपल्या नातेवाइकांची मालमत्ता आणू नये.’

प्रश्न साधा होता. मानवनिर्मित जलाशयांचे उपयोग उदाहरणांसह लिहा. सगळ्या वर्गाने मी घोकून घेतलेलं आस्वान धरण लिहिलं. पंचफुला मेश्राम नावाच्या एकाच मुलीने अडीच पानं ‘मामा तलाव’ लिहिला. मी पहिली ओळ वाचली, ‘आमच्या गावाला मामा तलाव आहे.’ मनात म्हटलं, असेल बाई, तुझ्या मामाची ऐपत मोठी असेल. आणि पुढचं काही न वाचता तिरपी रेघ ओढून शून्य दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ज्यांना माहीत आहे त्यांनी हसून घ्यावं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे धानाला पाणी देणारे जुने तलाव गावोगाव आहेत. पूर्वी ते मालगुजारांच्या (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यात असत. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. माजी मालगुजारी, म्हणजे मा. मा., म्हणजे मामा. सगळा मुलूख त्यांना मामा तलावच म्हणतो. पंचफुलाच्या मामाचा त्याच्याशी संबंध असलाच, तर तिथे आंघोळ करण्यापुरता.

हे मला कळलं सहा वर्षांनी, नाशिकला, एका सरकारी अहवालाच्या तळटीपेत. तळटीप वाचून मी उठले, दोन भांडी पाणी प्यायले आणि परत येऊन ती पुन्हा वाचली. ती बदलली नव्हती.

हसण्यावारी नेता आलं असतं, पण एक गोष्ट आड येत होती. ते पेपर मी दिवाळीच्या सुट्टीआधी वाटले होते. सुट्टीनंतर पंचफुला कॉलेजात आली नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लांबत गेली आणि मार्चमध्ये कारकुनाने नाव कमी केलं. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. तळटिपेनंतर मात्र वाटायला लागलं, ते थांबलंच नाही.

आणि मी तिथे गेले होते कशाला? जग शिकवायला! नवऱ्याची बदली झाली म्हणून पुण्याहून निघालेली मी, ट्रंकेत सहा साड्या आणि मांडीवर पृथ्वीगोल घेऊन एसटीत बसले होते. ‘या आडरानातल्या मुलांपर्यंत जग पोचवायचं’ असं डायरीत लिहिलं होतं मी, सुवाच्य अक्षरात. ती डायरी अजून आहे. नातीच्या हाती लागू नये म्हणून पापडाच्या डब्यात ठेवली आहे.

डिसेंबरात फोन आला. त्याच कॉलेजातून, प्रणाली रामटेके नावाच्या तरुण प्राध्यापिकेचा. तिथे आता समुदाय महाविद्यालयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो, तलाव आणि मत्स्यपालनाचा. वयाची अट नाही, शाळा कितवीपर्यंत झाली हे कोणी विचारत नाही, घरचं काम सांभाळून यायचं. शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरचं कोणीतरी परीक्षक लागतं, आणि त्या दिवशी श्रीलंकेतल्या तसल्याच एका कॉलेजाबरोबर फोनवर वर्गही होणार होता. “मॅडम, तुम्ही जुन्या भूगोलाच्या. याल का? आमच्या वर्गात तुमची एक विद्यार्थिनी पण आहे म्हणे, पंचफुलाबाई मेश्राम.”

माझ्या हातातलं लाटणं पोळीवरच थांबलं.

नातीला, सईला, सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, “म्हणजे आजी, तू तिला ट्रोल केलंस?” मग म्हणाली, “आणि आता तूच परत तिला मार्क देणार?” शेवटी, “जा बाई. नाहीतर अजून तेहेतीस वर्षं तू आम्हाला हेच सांगशील.”

म्हणून जानेवारीच्या शेवटी गुडघ्याला पट्टा बांधून निघाले. पंचफुलाला एकच विचारायचं होतं. तू कॉलेज माझ्यामुळे सोडलंस का?

वरोऱ्याला गाडी थांबली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. फलाटापलीकडे कापूस भरलेले ट्रक उभे होते, त्यांच्या पोटातून फुटलेले पांढरे पुंजके तारेच्या कुंपणाला अडकलेले. चहावाल्याने कागदी कप हातात देऊन विचारलं, “बाई, एकल्याच?” म्हटलं, हो. “बरं आहे,” तो म्हणाला, “भांडन होत नाई.”

चंद्रपूरला उतरून बस धरली. मूल गावाच्या दिशेने शहर संपतं तसं जंगल सुरू होतं, आणि जंगल सुरू झाल्यावर दहा मिनिटांत आमची बस उभी राहिली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

“काय झालं?” मी कंडक्टर बाईंना विचारलं.

“वाघ.”

“कुठे आहे?”

“दिसून नाई राह्यला. म्हनूनच थांबलो. दिसला असता तर गेलो असतो.”

यातलं शास्त्र मी विचार केल्यावर मला पटलं. शेजारी मांडीवर टोपली घेऊन बसलेल्या बाईने मला आपादमस्तक पाहिलं आणि खिडकीकडची जागा देऊ केली. “इथी बसा. कुठच्या तुमी?”

“पुण्याच्या.”

“मंग बसाच. तुमी लोकं पैसे देऊन पाहता, आमाले वावरात फुकट दिसते.” ती हसली, पण लगेच टोपलीवरचं फडकं घट्ट करत म्हणाली, “आमच्या वावराचा धुरा जंगलाले लागून आहे. मानूस गेल्यावर हासू येत नाई, बाई.” मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. वीस मिनिटांनी समोरून एक ट्रक आला, त्याच्या ड्रायव्हरने हात हलवला आणि आम्ही निघालो.

मूलला बस चहापाण्यासाठी थांबली. इथे मी माझी परीक्षा घेतली. पहिल्यांदा या भागात आले तेव्हा हॉटेलवाल्याने आलूबोंड्यावर “सांबार टाकू का?” विचारलं होतं. मी आनंदाने हो म्हटलं आणि इडलीबरोबरचं सांबार येईल म्हणून वाटी पुढे धरून बसले. आला चिरलेला सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), चिमूटभर, माझ्या रिकाम्या वाटीत. सगळं हॉटेल बघत होतं. या वेळी मीच ऐटीत म्हटलं, “भाऊ, सांबार जास्त टाका.” त्याने टाकला. कोणी पाहिलंसुद्धा नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

सावली गावाच्या आसपास रस्ता धानाच्या बांध्यांमधून (बांध घातलेल्या लहान लहान शेतांमधून) जातो. कापणी होऊन गेलेली, खुंटांच्या मधून लाखोळी (लाखेच्या डाळीचं पीक) हिरवी उगवून आलेली, तिला निळसर फुलं. मधे मधे पाणी चमके. तलाव, मग बोडी (लहान तळं), मग पुन्हा तलाव. मी मोजायला लागले आणि मोजता मोजता लाज वाटायला लागली. या रस्त्याने मी कितीदा गेले होते! तेव्हा मांडीवर पृथ्वीगोल असायचा, त्याला धक्का लागू नये म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे.

वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. नदी अर्धी पाणी, अर्धी वाळू झाली होती. तिथून पुढे आमचं गाव. त्याचं आणि कॉलेजचं नाव सांगत नाही. तिथले लोक मला चांगले ओळखतात आणि माझा पत्ताही त्यांच्याकडे आहे.

प्रणाली बसस्टँडवर आली होती, स्कूटर घेऊन. पस्तिशीची, बारीक, सारखी हसणारी. “मॅडम, बसता का मागे?” गुडघ्याने नको म्हटलं, मी हो म्हटलं.

कॉलेजला नवी इमारत झाली आहे, पण जुनी स्टाफरूम तीच. तीच खिडकी. प्रणाली चहा सांगायला गेली आणि मी माझ्या जुन्या खुर्चीच्या जागी जाऊन बसले, खिडकीकडे पाठ करून, सवयीने. मग उठले आणि वळले.

खिडकीतून तलाव दिसत होता.

लांबच लांब मातीची पाळ (बांध), तिच्यावर आंब्याची आणि मोहाची झाडं, पलीकडे पाणी, पाण्यावर बदकांचे काळे ठिपके. मी सहा वर्षं या खिडकीला पाठ लावून मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ओंटॅरिओ. उत्तर अमेरिकेची पंचमहासरोवरं मी या मुलांकडून चालीवर म्हणून घेतली, आणि पाठीमागे सरोवर होतं.

प्रणाली चहा घेऊन आली. “काय पाहून राह्यल्या मॅडम?”

“हा तलाव तेव्हापासून इथेच आहे का गं?”

“नाही तर काय,” ती म्हणाली, “तुम्ही गेल्यावर आणून ठेवला.”

माझ्याशी असं बोलणारी मुलगी मला आवडते. मी विचारलं, श्रीलंका कुठून काढलीस? तिने सांगितलं, “मी पोरांना आधी जग देतच नाही. आधी घरातली, गावातली एक गोष्ट आणा म्हणते. मग म्हणते, आता हिचे चुलत भाऊबहीण जगात कुठे कुठे आहेत ते शोधा.” मडावी आडनावाच्या एका मुलीने मोहाच्या बियांचं तेल आणलं होतं; तिला पश्चिम आफ्रिकेत सापडल्या शिआच्या झाडाच्या बिया वेचून तेल काढणाऱ्या बाया. पंचफुलाबाईंनी तलाव घेतला होता. तिकडे श्रीलंकेच्या कोरड्या भागातही गावोगाव असेच जुने तलाव, एकाचं पाणी दुसऱ्यात उतरणारे. तिथल्या एका कॉलेजच्या सरांना प्रणालीने पत्र पाठवलं, त्यांचं उत्तर आलं, आणि आता हा वर्ग.

मी माझा पृथ्वीगोल आठवला. मी जग आणून मुलांपुढे ठेवायचे आणि म्हणायचे, हात लावू नका.

“पंचफुलाबाई पास झाल्या ना,” प्रणाली पुढे म्हणाली, “तर पुढच्या वर्षी तलावाचं प्रात्यक्षिक शिकवायला त्याच येतील. प्राचार्यांनी कबूल केलंय. उद्याचे वीस मार्क तुमच्या हातात आहेत.”

चहा एकदम कडू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वर्ग; श्रीलंकेपुढे जो जे सांगेल तीच त्याची तोंडी परीक्षा. बारा-चौदा जण होते. तरुण मुलं, दोन बाप्ये, आणि पहिल्या बाकावर पंचफुला. ओळखलं मी लगेच. केस पांढरे, अंगाने रुंद झालेली, हिरवी नऊवारी, पायाशी झाकलेली बादली. ती उठली, “नमस्कार मॅडम,” म्हणाली आणि खाली बसली. चेहऱ्यावर काहीही नाही. माझ्या आडनावाची पाटी टेबलावर होती. मी ती हळूच पालथी केली.

सव्वादहाला लाइन गेली. पंखा थांबला, पडद्यावरची श्रीलंका विझली, कॉलेजचं इंटरनेट गेलं. प्रणालीने फोन उंच धरून वर्गभर फेऱ्या मारल्या, बाकावर चढली, खिडकीबाहेर हात काढला. काही नाही. तिचा चेहरा रडवेला झाला.

“पाळीवर चाला ना,” पंचफुला म्हणाली. “तिथी टॉवर येते. अन् तलाव दाखवाचा आहे तर तलावाजवळच जा ना. तलावाची गोष्ट भिंतीले काऊन सांगता?” तिने बादली उचलली आणि निघाली. सगळा वर्ग तिच्या मागे, सगळ्यांत शेवटी मी, गुडघ्याशी वाटाघाटी करत.

पाळीवर चढलो, मोहाच्या बुंध्याला फोन टेकवला आणि श्रीलंका लागली. पडद्यात दाटीवाटीने बसलेली वीसेक मुलंमुली आणि चष्मा लावलेले एक सर. सर इंग्रजीत बोलत, प्रणाली मराठी करून सांगे आणि इकडचं इंग्रजी करून तिकडे. त्यांच्या भाषेत तलावाला ‘वेवा’ म्हणतात. पंचफुलाने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि ठेवून घेतला.

मग तिने बादलीतून मासा काढला, हातभर लांबीची मरळ, जिवंत, शेपूट झाडणारी. ती फोनपुढे धरताच पलीकडून एकच ओरडा झाला, “लूला! लूला!”

पंचफुलाचा चेहरा पडला. “काऊन? आमची मरळ लुली काऊन? चांगली तं उड्या मारून राह्यली!” इकडे हिंदीमुळे लुला म्हणजे हात-पाय नसलेला. प्रणालीने घाईने विचारलं. निघालं असं, की तिकडे मरळीचं नावच लूला आहे. हे दोन्हीकडे समजल्यावर दोन देशांत एकाच वेळी जो हशा पिकला, तसा माझ्या सहा वर्षांच्या नोकरीत एकदाही पिकला नव्हता. मरळ त्या गडबडीत निसटली आणि पाळीवरून गडगडत पाण्यात गेली. “गेली लुली,” मागून कोणीतरी म्हणालं.

सरांनी एक रीत सांगितली. ज्या वर्षी तलावात पाणी थोडं, त्या वर्षी सगळी जमीन पिकवत नाहीत. तलावाजवळचा तुकडाच पिकवतात, आणि तो गावातले सगळे शेतकरी त्या हंगामापुरता वाटून घेतात, जमीन मुळात कोणाची का असेना.

मग पंचफुलाने विचारलं, “वाटून घेतल्यावर भांडत नाई का?”

प्रणालीने विचारलं. सर हसले. “भांडतात.”

“हां, मंग खरं आहे,” पंचफुला म्हणाली. “मले वाटलं पुस्तकातलं सांगून राह्यले.” मग तिने सांगितलं, इकडेही पाण्याची पाळी लावतात, पण जमिनीला कोणी हात लावू देणार नाही. मडावीची मुलगी म्हणाली, लावून पाहायला काय हरकत आहे? एक बाप्या म्हणाला, तुह्या बापाले विचारून ये आधी. पुढची दहा मिनिटं त्या दोघांचं जे झालं त्याचं भाषांतर प्रणालीने केलं नाही, पण पलीकडे बहुधा सगळं कळत होतं.

शेवटी सरांनी विचारलं, तलावातून पाणी बाहेर कसं काढता? प्रणाली म्हणाली, “लवकर सांगा काकू, बॅटरी संपत आली.” पंचफुलाने पाळीतल्या दगडी तुडुमाकडे (पाणी सोडायच्या झडपेकडे) बोट केलं. त्याला उंचीप्रमाणे एकाखाली एक भोकं असतात, लाकडी खुंट्यांनी बंद केलेली. ती भराभरा बोलत होती, खालचं भोक आधी खोलतो, मग वरचं, मग पाणी पाटात, पाटातून बांधीत. मी तिच्याकडे बघत मान डोलावत होते. खरं सांगायचं तर मनातल्या मनात माझं माफीचं भाषण जुळवत होते. पहिलं वाक्य जमलं होतं, दुसरं अडलं होतं. सर म्हणाले, “लोअर फर्स्ट?” आणि फोन विझला.

परत आल्यावर प्रणालीने मार्कांचा कागद दिला. मी निळं पेन मागून घेतलं. मडावीच्या मुलीला सतरा, त्या भांडकुदळ बाप्याला पंधरा, बाकीच्यांना चौदा, सोळा. पंचफुला मेश्राम, वीसपैकी वीस. अंक दोनदा गिरवला. पाकीट बंद करून प्रणालीच्या हातात दिलं.

जेवायला पंचफुलाकडेच जायचं होतं, ते तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. तलावाच्या दुसऱ्या टोकाला ढिवरांची (मासेमारी करणाऱ्यांची) वस्ती आहे. शेणाने सारवलेलं अंगण, वाळत घातलेली जाळी, दोरीवर सुकसी (सुकवलेली बारीक मासळी). नव्या तांदळाचा भात, मरळीचा लालभडक रस्सा, लाखोळीची डाळ, आणि वर सांबार. मी दोन घास खाल्ले. जुळवलेलं भाषण विसरून एकदम विचारून टाकलं, “पंचफुला, तू कॉलेज माझ्यामुळे सोडलंस का?”

ती माझ्या ताटात रस्सा वाढत होती. पळी तशीच थांबली. “तुमच्यामुळं? काऊन जी?”

“तो पेपर. मामा तलाव. मी शून्य दिलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे तोंड करून हाक मारली, “मामा! ओ मामा! ये इकडे. त्या मॅडम आल्या!”

अंगणातल्या बाजेवरून एक वाळलेला, ऐंशीच्या पुढचा म्हातारा उठला आणि काठी टेकत आत आला. मला नीट न्याहाळून म्हणाला, “ह्याच का? मले तलाव देल्ला त्या?”

हा सोमाजी. पंचफुलाच्या आईचा सख्खा भाऊ. आणि मग मला कळलं की माझी लाल शाई कुठे कुठे फिरून आली होती. पंचफुलाने तो पेपर घरी आणला, सोमाजीने तो वाचून घेतला, आणि वर्षभर गावात ज्याला त्याला दाखवत फिरला. कॉलेजच्या मॅडमनं लेखी दिलंय, तलाव माझा आहे, खाली सही आहे. “तलाठ्याले बी दाखवला,” सोमाजी म्हणाला. “तो म्हने, तुहा आहे तं पाळीले भोक पडलं ते बुजव. मंग मी कागद घरी आनून ठेवला.”

मी हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पण उत्तर अजून मिळालं नव्हतं. पंचफुलालाही ते माहीत होतं. तिने पळी ठेवली.

“त्या दिवाळीले आमच्या लोकांची संस्था झाली, मॅडम. तलावातले मासे आमाले भेटले पायजे म्हनून अर्ज कराचा होता. लिहिनारं कोनी नव्हतं. बाप म्हने, तू लिही. एक अर्ज झाला, दुसरा झाला, तालुक्याले जा, जिल्ह्याले जा. कॉलेज राहून गेलं. तलाव भेटला पन.”

“म्हणजे माझ्यामुळे नाही?”

“तुमाले लय वाटते का जी, सारं तुमच्यामुळंच होते?”

मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“रडली होती मी,” ती म्हणाली, आता हळू. “खोटं काऊन सांगू. अडीच पानं लिहिले होते, हात दुखला होता. पहिल्या पानावर तुमी लिहून ठेवलं, बाकीच्यावर नुसती रेघ. मले समजलं, वाचलंच नाई.” मग पळी परत उचलली. “भात थंडा होऊन राह्यला. खा.”

मी खाल्लं. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. सोमाजी समोर बसून मला तलावाच्या चतुःसीमा सांगत होता, मालकाच्या आवाजात.

परतीच्या प्रवासात मी फार खूश होते. बस जंगलातून कुठेही न थांबता गेली. गाडीत खालचा बर्थ मिळाला. पिशवीत सुकसी होती आणि तिचा वास सगळ्या डब्याला कळला होता. समोरच्या गृहस्थांनी नाक दाबून वरचा बर्थ गाठला, तेव्हा मी पाय पसरले. पडल्या पडल्या विचार करत होते. आम्ही जग शिकवायला निघालो तेव्हा ते नेहमी कुठेतरी लांब असायचं आणि शिकणाऱ्यांनी मान वर करून बघायचं, अशी आमची समजूत. प्रणालीच्या वर्गात लंका पाळीवर आली, मोहाच्या बुंध्याला टेकली, आणि मरळीला लुली म्हणून मोकळी झाली. तिथे कोणी कोणाला मान वर करून बघत नव्हतं. आणि माझं म्हणाल तर चूक झाली होती, ती भरून निघाली. तेव्हाच्या शून्याला आता वीस. पुण्याला उतरल्यावर मी सईला हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, बघ, शिक्षकाला उशिरा का होईना, न्याय करता येतो. वाक्य मला इतकं आवडलं की पापडाच्या डब्यातली डायरी काढून लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी फोन वाजला. निकाल कॉलेजच्या फलकावर लागला होता. सईने फोन स्पीकरवर टाकला, आणि पंचफुलाचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात घुमला :

“मॅडम, मले वीसपैकी वीस काऊन देले जी? तुडुमाचं तं मी उलटं सांगतलं होतं, बॅटरी जाऊन राह्यली म्हनून घाईत. वरचं भोक आधी खोलते, खालचं नाई. खालचं आधी खोललं का सारा गाळ बांधीत. लंकेच्या सरायले समजलं, तुमाले नाई समजलं. पुढच्या साली मी शिकवीन अन् पोरं असंच उलटं बोलतीन, तं मी का त्यायले वीस देऊ? तवा तुमी वाचलं नाई, आता तुमी आयकलं नाई. दोन मार्क कापा.”